अनुसयाबाईंना गाडी लागते

अनुसयाबाईंना गाडी लागायची. बंद काचा, नव्या सीटचा वास आणि वळणांचा रस्ता एवढं जमलं की त्यांचं पोट ढवळायला लागे. यष्टीत मात्र काही होत नसे. खिडकीपाशी जागा धरायची, वारा तोंडावर घ्यायचा, की आष्टीहून थेट वर्ध्यापर्यंत बाई खुशाल. आता हा काही जगावेगळा आजार नव्हे. पण त्यांच्या नवऱ्यानं त्याचा इज्जतीचा प्रश्न करून ठेवला.

नवरा म्हणजे मधुकरराव. आष्टीच्या बाजारात कापडाचं दुकान. सत्त्याण्णव साली त्यांनी नागपूरहून पांढरी मोटार आणली. कंपनीचं नाव मी सांगत नाही, सांगण्यासारखं त्यात काही नाही. तशा पांढऱ्या मोटारी तेव्हा गावोगाव झाल्या होत्या. पण मधुकररावांना वाटे, आपली कंपनी ती कंपनी, बाकीच्यांनी नुसते डबे बनवले. गिऱ्हाईक लुगडं बघायला आलं तरी हे गाडीच्या दाराचा आवाज ऐकवायला बाहेर नेत. "आइकलं? असा आवाज दुसऱ्या गाडीचा येत नाई. अन् आपल्या गाडीत कोणाले लागत नाई. तिचे खालचे स्प्रिंगाचे पाटेच अलग आहेत."

घरची बाईच त्या गाडीत पोट धरून बसायची, हे कुणाला सांगणार? "दुकानात समजलं त माही काय इज्जत राह्यली?" असं मधुकरराव म्हणत. मग अनुसयाबाई दातांखाली लवंग धरून, तोंडाला पदर लावून आलेलं परत गिळत. एका पांढऱ्या पत्र्याच्या अब्रूसाठी माणसानं ओकारी गिळायची! मला तर हे नुसतं लिहितानाही शिसारी येते.

आता त्यांच्या बहिणीचं सांगतो. विमलाबाई, धाकटी, रोहण्याला दिलेली. दोघींना भाऊ नव्हता. आई गेली तेव्हा घरच्या महालक्ष्म्यांचे दोन पितळी मुखवटे दोघींत वाटले गेले. ज्येष्ठा अनुसयाबाईंकडे आली, कनिष्ठा विमलाबाईंकडे. आईची अट एवढीच, की भादव्यात दोघींना जोडीनं बसवायचं, एका वर्षी आष्टीला, एका वर्षी रोहण्याला. एक बहीण आपला मुखवटा पिशवीत तांदळात ठेवून, मांडीवर घेऊन, यष्टीनं दुसरीकडे जायची. तीन दिवस दोन्ही देवी आणि दोन्ही बहिणी एका घरात. सोळा भाज्या, आंबील आणि रात्रभर गप्पा. अनुसयाबाई वर्षभर त्या तीन दिवसांवर जगायच्या म्हटलं तरी चालेल.

पण त्या तीन दिवसांतही मोटारी शिरल्या. विमलाबाईंचे यजमान प्रभाकरराव कापसाच्या व्यापारात बरे कमावत होते. साडभाऊनं गाडी घेतली म्हणताना त्यांना झोप येईना. त्यांनी दुसऱ्या कंपनीची राखाडी मोटार घेतली. तिलाही चार चाकं, पुढे दिवे, मागे दिवे. त्या वर्षी महालक्ष्म्या रोहण्याला होत्या. मधुकररावांनी ज्येष्ठेला पांढऱ्या गाडीतून वाजतगाजत नेलं. प्रभाकररावांच्या दारात गाडी थांबली, शेजारपाजारच्या बाया आरती घेऊन पुढे आल्या, आणि अनुसयाबाई दार उघडून तिथेच भडाभडा ओकल्या.

प्रभाकररावांचा चेहरा खुलला. मेहुणी अंगणात ओकते आहे, आणि हा माणूस हसतो आहे! "मधुकरराव, बुरा नका मानू. गाडी गाडीत फरक राह्यते. जातानी ताईले मी सोडून देतो. आमच्या कंपनीच्या गाडीत पोटातलं पाणी हलत नाई."

विसर्जनानंतर त्यांनी हट्टानं अनुसयाबाईंना राखाडी गाडीत बसवलं. मधुकरराव रिकामी पांढरी घेऊन मागून. आर्वी यायच्या आत राखाडीच्या सीटवर पुरणपोळी, आंबील, सगळं बाहेर आलं. मागून उतरून मधुकरराव धावत आले. अनुसयाबाईंना वाटलं, पाणी आणलं असेल. त्यांनी बायकोकडे पाहिलंसुद्धा नाही. सीटकडे बोट दाखवून ते म्हणाले, "काऊन, प्रभाकरराव? पाणी हलत नाई न?"

"तुमच्याच गाडीतली मळमळ ते! पोटात राह्यली होती!" प्रभाकरराव ओरडले.

रस्त्याच्या कडेला दोन बाप्ये हातघाईवर आले. बाई बाभळीखाली बसून आपल्याच पदरानं तोंड पुसत होती, मांडीवर देवी. पोटातून एवढं काही गेलं, तरी खरी किळस आत्ता येते आहे, असं त्यांना वाटलं.

त्या दिवसापासून दोन्ही घरांचं येणं-जाणं बंद. मधुकररावांनी वर्ध्याच्या भांड्यांच्या दुकानातून नवी कनिष्ठा आणली, प्रभाकररावांनी नवी ज्येष्ठा. आईची जोडी फुटली. अनुसयाबाईंच्या घरी दर भादव्यात जुन्या ज्येष्ठेशेजारी एक चकचकीत, अनोळखी तोंड उभं राही, आणि त्या तिला हळदीकुंकू लावताना मान वळवत. "मी यष्टीनं जाऊन येतो," असं त्या म्हणाल्या की मधुकरराव उसळत. "दारात गाडी असून यष्टीनं? लोक काय म्हणतीन?" आणि गाडी रोहण्याकडे वळवायची नव्हती. अशी बरीच वर्षं वाया गेली.

एका भादव्यात विमलाबाईंचा फोन आला. "ताई, ते नवी ज्येष्ठा मले तुह्यावानी पाहतच नाई वो. येऊन जाजो न एक डाव."

अनुसयाबाईंनी फोन ठेवला, ज्येष्ठेला तांदळात ठेवलं आणि पिशवी उचलून स्टँडवर गेल्या. नवऱ्याला विचारलं नाही. आर्वीला गाडी बदलली. रोहण्याच्या फाट्यावर विमलाबाई उभ्या होत्या. केस पुरते पांढरे. अनुसयाबाईंनी तिला काळ्या केसांची सोडली होती. मधले पांढरे होतानाचे केस त्यांनी पाहिलेच नव्हते. त्या तिथेच रडल्या.

दोन जुने मुखवटे पुन्हा शेजारी बसले. विसर्जनाच्या दिवशी मधुकरराव पांढरी घेऊन हजर झाले, आले नसते तर लोक बोलले असते. पानावरून उठल्याबरोबर दोघे साडभाऊ अंगणात गेले. अनुसयाबाई निघाल्या तेव्हा दोन्ही गाड्यांची बॉनेटं उघडी होती आणि दोघांची तोंडंही.

"आमच्या गाडीत बसा, ताई. आता नवीन शीटा टाकल्या," प्रभाकरराव म्हणाले.

"ते काऊन बसन? तिच्या घरची गाडी आहे!" मधुकरराव म्हणाले. "अनुसया, तूच सांग आता सगळ्यांसमोर. कोणती चांगली?"

अनुसयाबाई थांबल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणी हा प्रश्न विचारला होता.

"दोन्ही सारख्याच," त्या म्हणाल्या. "मले गाड्याईची ओकारी येत होती असं वाटे. आज समजलं, तुमची येते."

ज्येष्ठा त्यांनी विमलाबाईंकडेच ठेवली. "पुढच्या साली दोघींले घेऊन तू येजो. यष्टीनं." बहिणीचा हात धरून त्या फाट्यापर्यंत चालत गेल्या. बस आली. खिडकीपाशी जागा मिळाली, काच खाली होती. आर्वी गेली, आष्टी आली, आणि पोटात काही ढवळलं नाही.