काकवीवर घेतलेला आळ

आमच्या गाडीतलं कूलंट जातं कुठं, या प्रश्नाने मला चार महिने छळलं. गाडी सतरा वर्षांची, रंग पांढरा, म्हणजे कागदोपत्री. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. द्रव नाहीसा झाला म्हणजे तो कुठंतरी गेलेलाच असतो, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि खाली दोन रेघा मारतो. इकडे इंजिनाशेजारच्या बाटलीतलं, इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी आठवड्याला बोटभर उतरायचं. जमिनीवर थेंब नाही, नळीला ओल नाही, धूर नाही. दोन रेघांचा काही उपयोग होत नव्हता.

मी शास्त्रीय पद्धतीने सुरुवात केली. बाटलीवर बायकोच्या नेलपॉलिशने खुणा केल्या. मग जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीखाली, गाडी उभी राहते तिथे, रांगोळीची पूड पसरली, म्हणजे थेंब पडला की डाग दिसेल. सकाळी वरच्या मजल्यावरचे आजोबा फिरायला निघाले होते, ते थबकले आणि गाडीला नमस्कार करून गेले. तिसऱ्या दिवशी खरंच एक ओला डाग सापडला. मी गुडघ्यांवर बसलो, नाक खाली नेलं आणि वास घेतला. ते कूलंट नव्हतं. कॉलनीतल्या कुत्र्याचं होतं.

बायको गॅलरीतून बघत होती. "सर, निष्कर्ष लिहून घ्या," ती म्हणाली.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण ती गाडी माझ्यासाठी नव्हतीच. कॉलेजला मी स्कूटरवर जातो. गाडी होती आईच्या केम गावच्या फेऱ्यांसाठी. केमला तिची मोठी बहीण असते, माझी मावशी. मावशीचं विसरणं गेल्या दोन वर्षांत वाढत गेलंय. सुनेला ती पाव्हणी समजते, मला कधी तलाठी समजते तर कधी कुणीच नाही. पण आई समोर बसून तिचे केस विंचरायला लागली की ती आईला लहानपणच्या नावाने हाक मारते. फोनवर ओळखत नाही. आवाज ऐकून म्हणते, "कोन बाई तुमी?" म्हणून दर पंधरा दिवसांनी आईला तिथं नेऊन बसवायचं, एवढंच त्या गाडीचं काम होतं.

रेल्वे आहे केमला, पण आईच्या गुडघ्यांना स्टेशनचा जिना चढवत नाही. भाड्याची गाडी एकदा करून पाहिली. परत येताना आई म्हणाली, "दुसऱ्याचा मानूस दारात ताटकळत बसलाय म्हटल्यावर मला बोलायलाच सुचत न्हाय." तेव्हा आमची गाडी बंद म्हणजे केम बंद, असा सरळ हिशेब होता.

आईची गाडीत बसायची एक रीत आहे. चपला काढल्याशिवाय ती आत पाय ठेवत नाही. गाडी आली त्या दिवशी तिनेच हळदकुंकू वाहिलं होतं. पूजा केलेल्या वस्तूत चपला घालून कसं जायचं, हा तिचा मुद्दा. चपला दाराशी काढायच्या, मग हातात घेऊन सीटखाली सरकवायच्या. यातला दुसरा भाग ती निम्म्या वेळा विसरते. त्यामुळे तिच्या चपला आजवर मोहोळला, टेंभुर्णीच्या पेट्रोल पंपावर आणि एकदा गुडघ्याच्या डॉक्टरांच्या फाटकासमोर राहिलेल्या आहेत.

त्या चार महिन्यांत आई अधूनमधून म्हणायची, "आरं, पायाला चिकाट लागतंय."

मी म्हणायचो, "काकवी आहे ती."

कारण संक्रांतीच्या सुमारास तिने बहिणीसाठी गुऱ्हाळावरची काकवी बाटलीत भरून घेतली होती, आणि ती बाटली तिच्या पायाशी गळली होती. मी मॅट धुतली होती, पण काकवी ती काकवी. आई म्हणायची, "गोडूस वास बी येतोय." मी म्हणायचो, "काकवीला गोड नाही तर कसला वास येणार?" पुढची काच आतून धुरकट व्हायची, हात फिरवला की तेलकट लागायची. त्याचा दोष मी आईच्या डोक्यावरच्या खोबरेल तेलाला दिला. माझ्याजवळ प्रत्येक पुराव्यासाठी आईचा एक गुन्हा तयार होता.

मग एका रविवारी केमला जाताना, टेंभुर्णीच्या अलीकडे, तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला. मी गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडलं. आता, दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि दाब काढला की एकदम उसळतं, हा माझा आवडता धडा आहे. कुकरचं उदाहरण देऊन शिकवतो. तो धडा पाठ असलेल्या माणसाने हाताला टॉवेल गुंडाळला आणि रेडिएटरचं झाकण फिरवलं.

हात वाचला, कारण घाबरून मी वेळेत उडी मारली. शर्ट हिरवा झाला. आई आतून शांतपणे म्हणाली, "तू हेच शिकिवतोस न्हवं?"

इंजिन निवायला दीड तास गेला. तोवर केमला जाऊन परत फिरण्याची वेळ संपली, आणि आम्ही रेडिएटरमध्ये पाणी भरून तिथूनच मागे वळलो. शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा आईच्या मांडीवर होता तसाच घरी आला.

गाडी नेहमीच्या मेकॅनिकला दाखवली. तो म्हणाला, बाहेर गळत नाही म्हणजे इंजिनात जळतंय. हेड गॅस्केट गेलंय. इंजिन खोलावं लागेल, पण इतक्या जुन्या गाडीचं खोलण्यात अर्थ नाही, काढून टाका. त्याने घेणारा माणूसही सुचवला. रात्री जेवताना मी हे सांगितलं तेव्हा आई भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "काढ मग. फोनवर बोलीन मी." आम्हा तिघांनाही ठाऊक होतं की फोनवर काय ऐकायला मिळणार.

विकायच्या आधी कुणीतरी म्हणालं, जुन्या गावात एक रेडिएटरवाले आहेत, एकदा दाखवा. आईला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे न्यायचंच होतं, म्हणून जाता जाता तिकडे वळलो.

लिंबाच्या झाडाखाली पत्र्याचं दुकान, समोर पाण्याचा हौद. त्यात रेडिएटर बुडवून, हवा भरून बुडबुडे बघायचे, हा त्यांचा धंदा. म्हातारे सत्तरीच्या पुढचे, जाड भिंगांचा चष्मा. घरी तेलुगू बोलणारे, गिऱ्हाइकाशी मराठी आणि अडकलेल्या नटाशी दख्खनी. मी त्यांना नेलपॉलिशच्या खुणांपासून सगळं सांगितलं. पाणी कमी झाल्याचा तक्ता फोनवर दाखवला. त्यांनी तो बघितला नाही. बॉनेट उघडायलाही सांगितलं नाही. ते बघत होते गाडीच्या डाव्या दाराकडे.

उकाडा होता म्हणून आईने दार उघडं ठेवलं होतं. ती पुढच्या सीटवर बसलेली, आणि तिच्या चपला खाली जमिनीवर, शेजारी शेजारी.

म्हातारे तिच्याकडे गेले. "आजी, चपला काढूनच बसता का गाडीत?"

"व्हय. लक्ष्मी हाय की ती."

"मग पायाला काय लागतंय, सांगा की."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. "चिकाट लागतंय. लांब गेलं की जरा कोमट बी लागतंय. ह्यो म्हंतो काकवी हाय."

म्हाताऱ्यांनी मॅट उचलली, खालच्या गालिच्यावर दोन बोटं दाबली, चोळली आणि नाकाशी नेली. बोटं माझ्यापुढे धरली. हिरवट होती.

"काकवी सांडून किती दिवस झाले, साहेब?"

"चार-पाच महिने."

"आणि अजून ओलीच?"

मी पदार्थविज्ञानाचा अध्यापक आहे, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. नाहीच सांगितलं.

मग त्यांनी डॅशबोर्डवरचं एक गोल बटण दाखवलं. निळ्यापासून लालपर्यंत पट्टी असलेलं. "हे कधी फिरवलंय?"

"तो हीटर आहे," मी म्हणालो. "सोलापुरात हीटर कोण लावतं?"

"कोणच नाही. म्हणून कोणाच्या ध्यानातच येत नाही बघा." आणि त्यांनी सांगितलं की या डॅशबोर्डच्या पोटात एक तळहाताएवढा रेडिएटर असतो. इंजिनाचं गरम पाणी त्यातून जाऊन परत येतं. या गाडीत बटण फिरवा, न फिरवा, पाणी फिरतच असतं. सतरा वर्षं, आपल्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यातसुद्धा, तो चिमुकला रेडिएटर आम्हाला ऊब द्यायला तयार बसलेला होता आणि तो आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. शेवटी तो झिजला आणि थेंबथेंब गळू लागला, आईच्या पायांवर. काचेवरचा तेलकट थर त्याच्याच वाफेचा होता.

मी त्या उघड्या दाराशी उभा राहिलो. एका माणसाने जमिनीवरच्या दोन चपला बघितल्या आणि गाडीच्या पोटातलं, न दिसणारं भोक शोधलं. माझ्याकडे तक्ता होता, खुणा होत्या, रांगोळी होती. त्याच्याकडे फक्त कुणाला काय विचारायचं याची जाण होती.

"डॅशबोर्ड खोलायचा का?" मी हळूच विचारलं.

"कशाला? हीटर पायजे का तुम्हाला?" त्यांनी आता बॉनेट उघडलं, त्या रेडिएटरात जाणारी आणि बाहेर येणारी नळी काढली, दोन्ही एकमेकींना जोडून टाकल्या. तो रेडिएटर वाटेतून बाजूला झाला. मग इंजिन तापवून, पुन्हा नीट तपासून म्हणाले, "आता काश्मीरला नेऊ नका म्हणजे झालं. आणि आजी, आठ दिवसांनी पाय काय म्हणतात ते सांगा."

घरी मी गालिचा काढून धुतला, दोन दिवस गच्चीवर वाळवला. त्या आठवड्यात बाटलीतलं पाणी नेलपॉलिशच्या खुणेवरून हललं नाही, पण खुणेवर माझा विश्वास उरला नव्हता. रविवारी टेंभुर्णीजवळ, बरोब्बर त्याच जागी, काटा मध्यावर असताना मी विचारलं, "आई, पायाला?"

"कोरडं हाय," आई म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "काकवी वाळली वाटतं." आणि पुढचे दोन किलोमीटर खिडकीबाहेर बघत राहिली, पण तिचे खांदे हलत होते.

केमला मावशी ओट्यावर बसली होती. मागच्या भेटीला महिना उलटून गेला होता. आईने फणी काढली. केस विंचरताना निम्म्यावर आल्यावर मावशीने ती जुनी हाक मारली, आणि मी उगाचच अंगणातला नळ बघायला गेलो.

नंतर मावशीला गाडीतून चक्कर मारायची लहर आली. मी दार उघडलं. दुपारी जेवलेय की नाही हे तिला सांगता येत नव्हतं, मी कोण हेही नाही. पण दाराशी आल्यावर ती थांबली, एका हाताने आईचा खांदा धरला आणि एकेक करून चपला काढल्या. मग आईने काढल्या. दोघी मागच्या सीटवर बसल्या, मी स्टेशनपर्यंत गाडी नेली आणि परत आणली.

घरापुढे वळलो तेव्हा धुळीत चपलांचे दोन जोड तसेच होते, आम्ही गेलो त्या दिशेला तोंड करून.