शालीखालचं यंत्र

डॉ. हेमलता भोईर यांच्या जाण्याने औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे. शोकसभेत हे वाक्य आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी वाचलं. त्याच सकाळच्या पेपरात त्यांनी दिलेली प्राचार्यपदाची जाहिरात होती...

कोलशेतच्या आमच्या फार्मसी कॉलेजात मी ग्रंथपाल होतो आणि भोईर मॅडम प्राचार्य. खाडीकाठच्या गावात वाढलेल्या, लग्नानंतर डोंबिवलीकर झालेल्या. मला अरे-तुरे करायच्या आणि कुणी भाषण लांबवलं की पर्समधून आवळासुपारी काढून माझ्याकडे सरकवायच्या. प्राचार्य म्हटलं की सत्कार आलेच. मिळालेला नारळ त्या कँटीनला द्यायच्या आणि शाल प्रयोगशाळेत. आमच्याकडचा सगळ्यात नाजूक तराजू जांभळी शाल पांघरून बसायचा आणि कुठल्याही सत्कारमूर्तीपेक्षा भारदस्त दिसायचा.

पूड दाबून औषधाच्या गोळ्या करायचं यंत्र मात्र आमच्याकडे नव्हतंच. म्हणजे एरवी नव्हतं. तपासणी समिती येणार असली की आदल्या दिवशी ते कल्याणहून टेम्पोतून यायचं, समितीला दर्शन द्यायचं आणि पुढच्या कॉलेजात जायचं. ठाणे ते कल्याण ही पद्धत सगळ्यांनाच माहीत होती. यंत्रावर कुणी गोळी दाबलेली मी पाहिली नाही, पण प्रवास दांडगा.

मॅडम प्राचार्य झाल्यानंतरच्या पहिल्याच तपासणीला त्यांनी तो टेम्पो माजिवड्याहून परत पाठवला. अध्यक्षांचा फोन आला तेव्हा मी समोरच बसलेलो.

"मॅडम, सगळेच आणतात हो! एका दिवसाचा प्रश्न आहे."

"साहेब, समिती जेवून जाईल. मुलं चार वर्षं इथेच असतात. ती कशावर शिकणार?"

"मान्यता गेली तर शिकायला मुलंच नसतील!"

 त्यांनी फोन ठेवला. मग मला म्हणाल्या, "घाबरलायस ना? मीपण. चल, चहा पिऊ."

दुसऱ्या दिवशी समितीतले एक ज्येष्ठ सदस्य रिकाम्या ओट्यापाशी थबकले. "यंत्र नाही? बाकीच्या सगळ्यांकडे आहे."

"सर, बाकीच्यांकडे आहे ते एकच आहे," मॅडम म्हणाल्या. "डाव्या बाजूचा पत्रा वाकलाय. तुमची भेट झाली असेल."

 त्या सदस्यांनी जेवणात दुसऱ्यांदा श्रीखंड घेतलं नाही, तेव्हाच मला निकाल कळला. त्या वर्षी आमचे पहिल्या वर्षाचे प्रवेश बंद झाले. अध्यक्षांनी मॅडमशी बोलणं टाकलं, स्टाफरूममध्ये 'हिला हरिश्चंद्र व्हायचंय' असं त्यांना ऐकू जाईल इतक्या हळू बोललं जाऊ लागलं. पालक भांडायला येत. मॅडम प्रत्येकाला बसवून घेत, पाणी देत, आणि बोलणं संपेपर्यंत ऐकून घेत. संस्थेला अखेर यंत्र विकत घ्यावं लागलं. ते आलं, पुढच्या वर्षी प्रवेशही सुरू झाले.

यंत्राचं उद्घाटन अर्थातच अध्यक्षांनी केलं. आपल्या दूरदृष्टीवर बोलले आणि मॅडमना शाल घातली. टाळ्या थांबायच्या आत मॅडमनी ती काढून यंत्रावर पसरली. "याला जास्त गरज आहे, साहेब. धूळ फार." तिसऱ्या वर्षातली तन्वी म्हात्रे सगळ्यांत आधी हसली आणि नंतर तिनेच पहिली गोळी दाबली. गोळी दोन तुकड्यांत बाहेर आली. मॅडम म्हणाल्या, "छान! आता का फुटली ते सांग."

वीसएक वर्षांनी त्या गेल्या तेव्हा माझ्या मनात एकच धास्ती होती, आता दुसऱ्या कुठल्या तरी यंत्राचा टेम्पो पुन्हा सुरू होणार. जाहिरातीतून निवडून आली ती नेमकी तन्वी. डॉक्टरेट झालेली, चष्मा लागलेली. गेल्या आठवड्यात तिचं स्वागत झालं. अध्यक्ष पोकळी भरून निघाल्याबद्दल बोलले, शाल-श्रीफळ दिलं. कार्यक्रम संपल्यावर मी सवयीने प्रयोगशाळेकडे वळलो, तर ती आधीच तिथे होती. यंत्रावरची मॅडमची शाल विरली होती. तन्वीने ती नीट घडी करून कपाटात ठेवली आणि आपली नवी शाल यंत्रावर घातली.

"सर, अजून कशाकशावर आच्छादन नाहीये?" तिने विचारलं. "सत्कार होतच राहणार ना..."

नारळ कँटीनला गेला. नासका निघाला.