घडीच्या भिंती

साठच्या दशकात मी स्टुटगार्टला शिकत होतो. समोरच्या अंगणात एक गृहस्थ दर शनिवारी आपलं घडीचं घर उघडायचे. मोटारीमागे ओढायची ती चपटी पेटीच. तिच्यातून एकेक टणक भिंत उभी करायची, दार बसवायचं, बायकोला आत पाठवायचं आणि बाहेरून टकटक करायची.

"कोण आहे?"

"पाहुणा!"

मग दोघंही पोट धरून हसायची.

"सहलीला जायचं नसतानाही उघडता?" मी एकदा विचारलं.

"लढाईत आमच्या घराच्या भिंती दुसऱ्यांनी पाडल्या. या मी पाडतो, मीच उभ्या करतो!" म्हणाले, आणि मला दाराकडे ढकललं.

मी टकटक केली.

"कोण आहे?"

"पाहुणा!" मी ओरडलो.

दार लगेच उघडलं.