बोकडाचे नऊ वाटे

एम.एस्सी. झालेला माणूस किती मूर्ख असू शकतो, याचा पुरावा म्हणून मला कुठंही उभं करा. नव्वदच्या दशकात मी दौंडच्या एका कॉलेजात तासावर गणित शिकवायचो आणि रविवारी निमोण्याला येऊन घरच्यांना शहाणपण शिकवायचो. तिथं ऐकणारं कुणी नव्हतं, इथंही नव्हतं.

आखाडात आमच्या भावकीची नऊ घरं मिळून एक बोकड कापायची. पळसाच्या पानांवर नऊ वाटे पडायचे. प्रत्येकात थोडी कलेजी, थोडी मांडी, हाडं, वजडी. मग आमचे चुलत आजोबा, म्हणजे आबा, वाट्यांकडे पाठ करून बसायचे. कुणीतरी एका वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, "ह्यो कुणाचा?" आबा न बघता एकेका घराचं नाव घ्यायचे. संपला विषय.

मला हे अडाणीपणाचं वाटलं. त्या वर्षी मी नुकतंच एक प्रमेय वाचलं होतं. प्रत्येकानं आपली आवड गुणांत सांगितली, तर कुणालाच दुसऱ्याच्या वाट्याचा हेवा वाटणार नाही अशी वाटणी काढता येते. मी घरटी शंभर गुण दिले. आवडेल त्या तुकड्याला हवे तेवढे द्या म्हणालो. एका चुलत्यानं शंभरच्या शंभर कलेजीवर लावले. आमच्या घरचे गुण मी लावले, आणि प्रमेय मला एकट्यालाच ठाऊक असल्यामुळं ते भलतेच हुशारीनं लावले.

आबा एकटे राहायचे. त्या दिवशी मात्र केडगावला दिलेली त्यांची लेक आली होती, वर्षातनं एकदा यायची तशी. आबा म्हणाले, सगळ्याला सारखेच गुण टाक, काय बी चालतंय.

दोन तास मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आकडेमोड करत बसलो. रक्त सुकलं, माश्या घोंगावू लागल्या, वास सुटला, तरी मी दशांश चिन्हानंतरची दोन घरं सोडायला तयार नव्हतो. शेवटी उत्तर आलं. ज्याला काहीही चालतं, त्याला उरलेलं जातं. आबांच्या पानावर आतडी, वजडी आणि मुंडीची हाडं पडली.

मी वर तोंड करून त्यांना समजावलं, की वजनाला वाटा भरपूर आहे आणि आबा, तुमच्याच गुणांप्रमाणं तुम्हाला कुणाचा हेवा वाटायचं कारण नाही. इतकं नीच वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नाही.

आबा पानाकडं बघत राहिले. "हेवा न्हाई रं," ते म्हणाले, "पर लेकीला वाढू काय?"

ज्याचा त्याचा हात ज्याच्या त्याच्या वाट्यावर होता. आमच्या वाट्याला आलेली मांडी मी तोवर पिशवीत भरली होती, ती मी बाहेर काढली नाही. आणि दुपारी तीच मांडी मी खाल्ली, दोनदा रस्सा मागून घेऊन.