पडद्यावरचे साडेतीन

दुबईहून मुंबईला येताना समोरच्या छोट्या पडद्यावर एक पांढरं विमान समुद्रावरून सरकत होतं. शेजारच्या बाईंनी जेवणाचा ट्रे तसाच परत केला. पाणीही घेतलं नाही. मी उगाच विचारलं, "बरं नाही का?"

"आई गेली पहाटे. अजून उचललं नाही, माझ्यासाठी ठेवलंय. तोवर कसं गिळायचं?"

मग पडद्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, "पोचायची वेळ साडेतीन का दाखवतायत? अकराला निघालो, तीन तास. भावाला मी दोन सांगितलेत."

मुंबईचं घड्याळ दुबईच्या दीड तास पुढे असतं, हे मलाच सांगावं लागलं. दुबईत राहून इतकी वर्षं त्या रोज हा हिशेब करून आईला फोन करत असणार. आजच चुकला. मुंबईपासून गाव आणखी तीन तास होतं, आणि दिवस मावळायच्या आत न्यायचं होतं.

दोन विमानतळांमधलं अंतर पडदा अगदी चोख सांगत होता. धावपट्टीपासून घराच्या उंबऱ्यापर्यंतचं अंतर त्याच्या खिजगणतीतही नव्हतं. ते पांढरं विमान मला त्या दिवशी निर्लज्ज वाटलं.

उतरल्यावर त्यांनी फोन चालू केला. भावाचा निरोप आला होता. तो त्यांनी दोनदा वाचला आणि फोन पर्समध्ये ठेवला.

"नेलं," त्या म्हणाल्या. "दोनपासून माझा फोन लागेना, म्हणून थांबले नाहीत." मग माझ्या बाटलीकडे पाहून हळूच म्हणाल्या, "थोडं पाणी द्या. आता चालेल."