एका दिवसाच्या पगारात ब्लाउज किती

माझी धाकटी बहीण अमेरिकेहून भिवंडीला आली की मी दोन दिवस नुसते गुणाकार करते. तिचे बूट, तिचा फोन, विमानाचं तिकीट, सगळं डॉलरमधून रुपयांत. ती उलट भागाकार करते. जवळच्याच टेमघरच्या शिंप्याकडे एका दमात बारा ब्लाउज टाकते, दातांची कामं करून घेते आणि घरी येऊन म्हणते, "ताई, किती स्वस्त आहे गं सगळं!" मी खासगी शाळेत शिकवते. तिचं ते स्वस्त मला महिनाअखेरीला परवडत नाही. माझा जळफळाट होतो, आणि तो लपतही नाही.

यंदा ती आईला कायमची न्यायला आली होती. वडील गेल्यापासून आई माझ्याकडे आहे. गुडघ्यांनी अधू, एकटीला ठेवता येत नाही. मी शाळेत गेले की समोरच्या यंत्रमाग कामगाराची बायको थोड्या पैशांत तिच्याजवळ बसते. धाकटी मोबाइलवर घर दाखवत होती, आईची वेगळी खोली, मागची बाग. माझ्याकडे मिरवायला आईच तेवढी होती.

आई चौथी शिकलेली, पण व्यवहाराला पक्की. तिने धाकटीला विचारलं, "तुझ्या एका दिवसाच्या पगारात तिथं ब्लाउज किती शिवून मिळतात?"

"दोन. फार तर तीन."

मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दोन."

"मंग दोघी सारख्याच हायत."

मला मनातून गुदगुल्या झाल्या. फोन आणि विमान आईने हिशेबात धरलंच नव्हतं, पण मी कशाला आठवण करून देऊ?

आईने पुढे विचारलं, "आन् तू न् जावई कामावर गेलात, तर दिवसभर माझ्यापाशी बसायला बाई केवढ्याला?"

धाकटीने मोबाइलवर हिशेब केला. मग म्हणाली, "त्यात माझा त्या दिवसाचा सगळा पगार जाईल, आई."

"मंग मी तुला परवडायची न्हाय. हिला परवडते. इथं माणूस स्वस्तात मिळतं."

मी चहा टाकायला उठले. आई माझ्याकडेच राहणार होती. माझ्यावाचून करमणार नाही, असं मात्र ती म्हणाली नव्हती. बाहेर धाकटी रडत होती आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी जिंकले होते, आणि तरी धाकटीवरच जळत होते.