भाऊजींचा डोंगर

बेटाच्या दक्षिणेला, सानूरच्या किनाऱ्यावर वडाखाली आमचा टॅक्सीचा अड्डा आहे. तिथं कोणी परदेशी पाहुणा लांबून येताना दिसला, की नेंगाह रिंदींचे दोन्ही हात वर जातात आणि हवेत स्टिअरिंग फिरवायला लागतात. तोंडानं विचारायची गरजच नाही. तीस वर्षांत ही सवय अंगात इतकी मुरली आहे, की एकदा देवळात पुजाऱ्यानं त्यांच्याकडे नुसतं बघितलं, तर यांनी त्यालाही स्टिअरिंग फिरवून दाखवलं. हे रिंदी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. त्यांची थट्टा करायचा हक्क मला ताईच्या लग्नातच मिळालेला आहे, आणि मी तो कधी वाया जाऊ दिलेला नाही.

बेटावरचा प्रत्येक रस्ता रिंदींना पाठ आहे, अशी त्यांची ख्याती. ती त्यांनी स्वतःच पसरवली. खरं म्हणजे त्यांचे सगळे रस्ते बेदुगुलच्या खिंडीपाशी संपतात. खिंडीपलीकडचं, उत्तर किनाऱ्यावरच्या सिंगराजाकडचं भाडं आलं की त्यांचं पोट बिघडतं, टायर बसतो, नाहीतर घरी पूजा निघते.

आमच्याकडे डावं-उजवं कोणी म्हणत नाही. एक दिशा डोंगराची, एक समुद्राची, उरलेल्या दोन सूर्य दाखवतो. कप टेबलाच्या कडेला आला तरी ताई ओरडते, "अहो, जरा डोंगराकडे सरकवा!" घरातले देव डोंगराच्या अंगाला, चूल आणि डुकरं समुद्राच्या अंगाला. झोपताना डोकं डोंगराकडे. सानूरहून डोंगर उत्तरेला दिसतो. खिंड ओलांडून पलीकडे उतरलं की तोच डोंगर दक्षिणेला येतो, आणि सगळंच उलटं होतं. बाकीच्यांना त्याचं काही वाटत नाही. भाऊजींच्या डोक्यात मात्र डोंगर एकदाच रोवलेला आहे आणि तो हलायला तयार नाही.

ऐन तरुणपणी ते एकदा पलीकडे गेले होते, डॉल्फिन बघायला निघालेल्या एका डच जोडप्याला घेऊन. सोबत मी होतो. घाट उतरताच भाऊजींनी गाडी थांबवली, स्टिअरिंगला मिठी मारली आणि म्हणाले, "मेव्हण्या, डोंगर पाठीमागं गेला रे!" मग दार उघडून भडाभडा ओकले. शेवटी त्या डच गृहस्थानं गाडी चालवत आम्हाला खिंडीपर्यंत परत आणलं. भाऊजी मागच्या सीटवर आडवे, आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन डच बाई वारा घालत होत्या. "ताईला सांगितलंस तर बघ," एवढंच ते मला म्हणाले. मी सांगितलं नाही. ही माझी चूकच झाली.

कारण त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं, सुकेर्तीनं, नवरा निवडला तो नेमका सिंगराजाकडचा. गेदे नावाचा, भला मुलगा. लग्न ठरवायला गेदेचे काका आले, मामा आले, बाप काही आला नाही. गुडघा दुखतो म्हणे.

"गुडघा!" भाऊजी भडकले. "आमच्या दारात यायला त्यांना कमीपणा वाटतो. उत्तरेकडचे लोक, नाक वरच असतं त्यांचं."

लग्न रीतीप्रमाणे मुलाच्या घरी झालं. त्या दिवशी भाऊजींना ताप आला. पुढं नात झाली, बाराव्या दिवसाच्या पूजेला टायर बसला. ताई दोन्ही वेळा एकटी बसनं गेली आणि परत येऊन आठवडाभर बोलली नाही.

आता नातीला साडेतीन महिने होत आले होते. ते पूर्ण होतील त्या दिवशी मुलाचे पाय पहिल्यांदा जमिनीला लावतात, तोवर त्याला खाली ठेवतच नाहीत. ताई मदतीला आठवडाभर आधीच तिकडे गेली. सुकेर्तीचा फोन मला आला, बापाला नाही.

"मामा, बाबांना सांगा, दुपारी बाराला तिचे पाय टेकवणार. आले तर आले. नाही आले तर मी समजेन की त्यांना माझं घर मान्य नाही. मग मीही पुन्हा सानूरला येणार नाही."

मी जसंच्या तसं सांगितलं. भाऊजींचे हात मांडीवर पडून होते. समोरून दोन ऑस्ट्रेलियन गेले, तरी ते हलले नाहीत.

"तू चालवशील?" त्यांनी विचारलं.

त्या डच फेरीनंतर भाऊजी पहिल्यांदाच टॅक्सीत मागं बसले. पांढरा सदरा, डोक्याला पांढरी पट्टी, मांडीवर फुला-फळांचं तबक. निघाल्यापासून त्यांचा पाय माझ्यासाठी ब्रेक दाबत होता.

"गिअर बदल. अरे बदल की! म्हशीला ओढतोयस का?"

"भाऊजी, गिऱ्हाइकानं गप्प बसायचं असतं."

"गिऱ्हाईक भांडतं तरी. मी नुसतं सांगतोय!"

बेदुगुलला त्यांना स्ट्रॉबेरी घ्यायच्या झाल्या. मग भाजलेलं कणीस. मग लघुशंका, तीही दोनदा. साडेदहा वाजले तेव्हा मी त्यांना खांद्याला धरून गाडीत कोंबलं. खिंडीवर रस्त्याकडेला माकडं बसली होती. त्यांच्याकडे बघत भाऊजी म्हणाले, "यांचं बरंय, यांना इथंच राहायचंय." आणि डोक्याची पट्टी डोळ्यांवर ओढून घेतली.

पूर्ण घाट ते तसेच बसून होते. बाराला वीस मिनिटं असताना मी व्याह्यांच्या दारात गाडी लावली. आत अंगण माणसांनी भरलेलं. मी हात पुढं केला, तो त्यांनी झटकला आणि पट्टी वर सरकवली.

"मी काय आंधळा आहे? सकाळपासून डोंगराच्या दिशेनंच तोंड करून आलोय. म्हणजे देव सरळ पुढं. घर म्हणजे घर, देव कुठं असतात ते मला कोणी शिकवायचं?"

उघडे डोळे ठेवले की भोवळ येणार, म्हणून त्यांनी डोळे मिटले. तबक कपाळापर्यंत उचललं आणि ताठ मानेनं निघाले. देवांकडे पाठ करून. लोक बाजूला झाले. वाटलं असेल, सानूरची काही वेगळी रीत असेल. मी "भाऊजी, भाऊजी" करत मागं धावलो, पण ते चुलीजवळून पुढं गेले, एका कुडापाशी थांबले, गुडघे टेकले, चाफ्याची फुलं बोटांत धरून हात जोडले. कुडाच्या आतून भलीमोठी डुकरी उठली, पुढं आली आणि तिनं फुलं खाऊन टाकली.

सुकेर्ती बाळाला कडेवर घेऊन उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला होता. "बाबा, एवढा राग आहे तुमचा? सगळ्यांसमोर?" तिला रडूच फुटलं.

भाऊजींनी डोळे उघडले. समोर डुकरी मचमच करत होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग लेकीकडे, आणि तिथंच चिखलात बसले.

"राग नाही गं. माझा डोंगर फिरलाय. इकडे आलो की मला काही कळतच नाही, कुठं काय ते. लग्नाला ताप नव्हता. टायरही बसला नव्हता. मला लाज वाटत होती. टॅक्सीवाल्याला रस्ता कळत नाही हे कोणाला सांगू?"

एवढ्यात मागून कोणीतरी हसायला लागलं. गेदेचे वडील. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. हसता हसता ते धडधाकट गुडघ्यांवर भाऊजींशेजारी बसले.

"व्याहीबुवा, माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही! पंचवीस वर्षांपूर्वी तुमच्याकडे, देनपासारला गेलो होतो. एका भल्या माणसाच्या घरी देव समजून चुलीची पूजा करून आलो. त्यांच्या सुनेला पातेलं उतरवू दिलं नाही. तेव्हापासून खिंड ओलांडली नाही. तुमच्या घरी येऊन तेच करणार होतो!"

मग अख्खं अंगण हसलं. ताई तेवढी हसली नाही. "तीस वर्षं," ती म्हणाली, "तीस वर्षं मी या माणसाच्या पोटाला काढे देतेय!" आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच गाडी पुसायला निघून गेलो.

दारातून मला पुढचं दिसलं. सुकेर्तीनं बाळ सासूकडे दिलं, बापाला उठवलं, त्यांचे गुडघे पदरानं पुसले. मग दोन्ही खांदे धरून, लहान मुलाला फिरवतात तसं, हळूहळू फिरवलं. "बाबा, डोंगर इकडे." भाऊजींनी डोळे पुन्हा मिटले होते, पण मान हलली. मग तिनं नात त्यांच्या हातात दिली. बाराच्या ठोक्याला नातीचे पाय आजोबांच्या हातांनी जमिनीला लागले, आणि दोघंही एकदम रडायला लागले.

पुढच्या सणाला व्याह्यांनी दुसरं डुक्कर कापलं. त्या डुकरीला हात लावायला घरात कोणी तयार होईना, पुजलेली होती ना. आता ती कुडाच्या दारातून बाहेर निघणार नाही इतकी फुगली आहे. सुकेर्ती दर महिन्याला फोन करते, आता बापालाच. "बाबा, कधी येताय? ती फुलांची वाट बघतेय." भाऊजी फोन ठेवतात, वडाखालून उठतात, माझ्या टॅक्सीत मागं बसतात आणि खिंड आली की पट्टी डोळ्यांवर ओढतात. दारात आता चालायला लागलेली नात उभी असते. ती त्यांचं बोट धरून नेते, आधी देवांकडे आणि मग डुकरीकडे.